दवाखान्याच्या दारापर्यंत

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकले की त्यानंतरच्या दिवसांत कधीतरी जळगावात थंडी येते. तिची फारशी वर्दी लागत नाही. एका सकाळी नळाखाली धरलेला हात आपण झटकन मागे घेतो आणि मग लक्षात येतं. बाहेरगावच्या माणसांना आमच्या थंडीचं कौतुक सांगायला जावं तर ती हसतात. त्यांना जळगाव म्हटलं की मे महिना तेवढा आठवतो. याच जिल्ह्यात थंडीनं केळीची पानं करपतात, बागेला ऊब मिळावी म्हणून लोक बांधावर ओला पाला पेटवून धूर करतात, हे त्यांना खरं वाटत नाही.

बाजारात भरताची हिरवी, लांबट वांगी आली आहेत. संध्याकाळी गल्लीत कुठेतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटतात आणि भाजलेल्या वांग्यांचा वास घराघरांत शिरतो. ट्रॅक्टरमधून कापूस जातो, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना त्याचे पुंजके लटकून राहतात. मी सकाळी स्वेटर घालून फिरायला निघते. या वयात पळणं होत नाही, नुसतं भराभर चालते. पण तोंडातून पहिली वाफ निघाली, की मी जळगावात राहत नाही. मी धुळ्याला जाते. देवपुरातून नकाण्याच्या तलावाकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर. माझ्या शेजारून निर्मला पळत असते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी देवपुरातल्या कॉलेजात शिकत होते आणि तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात राहत होते. निर्मला माझ्या खोलीत होती. ती रावेरकडची, केळीच्या बागायतदाराची मुलगी. उंच, सावळी, लांब पायांची. पहिल्या आठवड्यात मुली तिच्या बोलण्याला हसल्या, कारण ती "मला, तुला" न म्हणता "मले, तुले" म्हणायची. ती त्यांच्या हसण्यात सामील झाली आणि तसंच बोलत राहिली. मग कुणी हसेना.

पळायची गोडी तिला मुद्दाम कुणी लावली नव्हती. घरापासून शेत लांब, शेतापासून शाळा लांब, आणि चालणं तिच्या स्वभावात नव्हतं. आमच्या खेळाच्या सरांनी तिला एकदा मैदानावर पाहिलं आणि त्यांचे डोळेच चमकले. विद्यापीठाची क्रॉस कंट्रीची स्पर्धा संक्रांतीनंतर होती. तिची निवड नक्की होती. मी तिच्या सोबतीला पळायला लागले आणि तिच्या मागे फरफटत का होईना, माझीही निवड झाली.

पहाट फुटताना आम्ही निघायचो. सलवार-कुडता, वर स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. निर्मला वेणी स्वेटरच्या आत खुपसायची. देवपुरातली घरं संपली की दोन्ही बाजूंना शेतं लागत. कपाशी, तूर, मधूनच हरभरा. हवेत शेणाच्या गोवऱ्यांचा धूर असे. थंडी आधी कानांना लागायची, मग दातांना. थोडं अंतर कापलं की अंग तापायचं आणि तीच थंडी गोड वाटू लागायची. आमच्या दोघींचे श्वास एका लयीत यायचे. त्या वयात एवढ्यानंही माणूस सुखी होतं.

दोन मुली कारण नसताना पळतात, ही त्या रस्त्याला नवीन गोष्ट होती. पहिल्याच दिवशी एक म्हातारा बैलगाडी थांबवून खाली उतरला. हातात काठी घेऊन आमच्या मागच्या रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काय व्हयनं वं माय? कोन मांगे लागनं?"

"कोणी नाही, आबा. आम्ही अशाच पळतोय," मी म्हणाले.

त्याला ते पटलं नाही. आम्ही वळणाआड होईपर्यंत तो काठी धरून उभा होता. आमच्या मागे लागणाऱ्याला अडवायला.

पुढे त्या रस्त्याची ओळख झाली, आणि निर्मलाची खोडही मला कळली. ती थांबायची. गवताचा भारा बांधून एखादी बाई रस्त्याकडेला उभी असे. भारा बांधता येतो एकटीला, डोक्यावर घेता येत नाही. दुसरं माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागते. निर्मला पळता पळता वाकडी वळायची, भाऱ्याला हात लावायची आणि बाईच्या डोक्यावर चढवून द्यायची. दूधवाल्याच्या सायकलची चेन पडली की ती उकिडवी बसून चेन चढवायची आणि काळे झालेले हात बाभळीच्या पाल्याला पुसायची. कापसाच्या गाडीचं चाक चारीत अडकलं तर खांदा लावायची. तिथे मग मलाही खांदा लावावा लागे. गाडी वर आली की गाडीवान "जीती ऱ्हाय माय" म्हणायचा आणि आम्ही पुन्हा पळायला लागायचो.

पळणाऱ्या माणसाला थांबणं किती जड जातं, हे न पळणाऱ्याला कळणार नाही. घाम गार होतो, पोटऱ्या आखडतात, जमलेला दम विस्कटतो. पुन्हा सुरुवात करताना पाय आपले नसल्यासारखे वाटतात. मी कुरकुरायचे. सर तर चिडायचे. तलावावरून परत यायला आम्हाला रोज वेगळा वेळ लागायचा आणि त्यांना त्यातून काही अंदाजच बांधता यायचा नाही.

"निर्मला, तू पळायला जातेस की समाजसेवा करायला?" एकदा त्यांनी विचारलंच. "स्पर्धेत कुणाची चेन पडली तर थांबणार आहेस का?"

ती बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "स्पर्धेत नाही थांबणार, सर. पण रस्त्यावर माणूस आपल्याकडे पाहून ऱ्हायलं, तर पुढे कसं निघून जाता येईल?"

सर चिडायचे, पण त्यांचा तिच्यावर जीव होता.

ती सकाळ आठवते तेव्हा मला आधी थंडी आठवते. त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक. रस्त्याकडेच्या गवतावर दहिवर पडलं होतं आणि सूर्य वर येऊनही त्याला ऊब नव्हती. आम्ही तलावापर्यंत जाऊन परत निघालो होतो. निर्मला त्या दिवशी फार सुंदर पळत होती. माझ्यापेक्षा बरीच पुढे जायची आणि माझ्यासाठी हळू व्हायची.

समोर एक माणूस सायकल ढकलत पळत होता. तोही देवपुराकडेच निघाला होता. मागचं चाक पार बसलं होतं आणि रिम रस्त्यावर आदळत होती. कॅरियरवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते धोतराच्या पट्ट्यानं त्याच्या कमरेला बांधलेलं होतं. जवळ गेलो तेव्हा गोधडीतून एक लहानसा पाय बाहेर आलेला दिसला. पायात काळा दोरा.

त्यानं आम्हाला हाक मारली नाही. नुसतं पाहिलं.

"काय झालं, भाऊ?" निर्मला थांबली होती.

"रातभर ताप शे पोरले," तो म्हणाला. त्याला बोलायला दम पुरत नव्हता. "आते डोया फिराई ऱ्हायनी. आनी सायकल पंचर व्हई गई."

निर्मलानं गोधडी बाजूला केली. चारेक वर्षांची मुलगी होती. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन छोट्या वेण्या, लाल रिबिनी. डोळे अर्धवट उघडे. मी गालाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"सोडा हिला. माझ्याजवळ द्या," निर्मला म्हणाली, आणि तो काही म्हणायच्या आत त्याच्या कमरेची गाठ सोडायला लागली. गाठ पक्की होती. शेवटी तिनं ती दातांनी सोडवली. मुलीला गोधडीसकट उचललं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर ठेवलं आणि पळायला लागली.

त्या माणसानं सायकल तिथेच शेतात टाकली आणि तो आमच्या मागे पळत सुटला. त्याचं नाव हिरामण, हे नंतर कळलं. पायात जड वहाणा होत्या. थोड्या वेळानं त्यानं त्या काढून फेकल्या, तो आवाज मला आला.

सरकारी दवाखाना पांझरा नदीच्या पलीकडे, धुळ्याच्या मूळ गावात. म्हणजे सगळं देवपूर ओलांडायचं, मग पूल. मी निर्मलाच्या शेजारून पळत होते. मुलगी मध्येच कण्हली आणि म्हणाली, "माय."

"माय येऊन ऱ्हायली," निर्मला धापा टाकत म्हणाली. "मागून येऊन ऱ्हायली तुझी माय. तू फक्त मले धरून ऱ्हाय."

मुलीनं खरंच धरलं होतं. तिची बोटं निर्मलाच्या स्वेटरच्या कॉलरमध्ये रुतली होती. मी ती पाहिली.

देवपुरातली पहिली घरं आली. रिक्षाच्या थांब्यावर एक रिक्षा उभी होती, पण आत कोणी नव्हतं. मी ओरडले, कुणी आलं नाही. पुढे पाण्याच्या टाकीजवळ मी म्हणाले, "निर्मला, दे माझ्याकडे. थोडा वेळ मी घेते." तिनं मान हलवली. तिचा चेहरा घामानं भिजला होता आणि ती समोर पाहत होती. एका बंगल्याच्या फाटकात स्कूटर दिसली. "थांब, मी त्यांना उठवते," मी म्हटलं. ती थांबली नाही. मला वाटलं, कुणी उठेल, कपडे घालेल, किल्ली शोधेल, त्यात वेळ जाईल असा विचार तिनं केला असेल. मी पुन्हा म्हणाले, "अगं दे ना माझ्याकडे." तेव्हा ती जोरात ओरडली, "नको!" निर्मला माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

पुलावर वारा फार होता. खाली नदीत पाण्याची बारीक धार, धोब्यांचे दगड. मी मागे वळून पाहिलं. हिरामणभाऊ लांब राहिले होते, पण पळत होते. एक हात वर करून पळत होते. आम्ही नजरेआड होऊ नये म्हणून असेल. निर्मला मात्र पुलावर अशी पळाली, की मी तिच्या बरोबरीनं टिकले नाही. तिला त्यापूर्वी किंवा त्यानंतर कुणीही तसं पळताना पाहिलं नाही. हातांत ओझं नसतं तरीही कुणाला तसं पळता आलं नसतं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी मुलीला टेबलावर ठेवलं होतं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी जे करायचं ते घाईनं केलं. नर्सला काही सांगितलं, छातीवर दाब दिला, पुन्हा पुन्हा नाडी पाहिली. मग त्यांचे हात मंदावले. त्यांनी निर्मलाकडे पाहिलं.

"तुमची कोण ही?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "रस्त्यात भेटली."

तेवढ्यात हिरामणभाऊ आले. अनवाणी. पावलं रक्ताळलेली. डॉक्टर त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "दादा, गेली हो."

माणूस रडेल, कोसळेल, असं वाटत असताना तो काहीच करत नाही तेव्हा फार भीती वाटते. ते नुसते उभे होते. टेबलाकडे गेलेच नाहीत. निर्मलाकडे वळले आणि एखाद्या साध्या गोष्टीची खात्री करून घ्यावी तसं विचारलं, "दारलोंग तर व्हती ना, बहीन? दवाखानाना दारलोंग जित्ती व्हती ना मन्ही पोर?"

"हो, भाऊ," निर्मला म्हणाली. "दारापर्यंत होती."

त्यांनी मान हलवली. मग खाली बसले, आणि मग रडले.

आम्ही बाहेर पडलो. कुणीतरी जा म्हटलं म्हणून निघालो. पुलाच्या मध्यावर आलो तर समोरून एक बाई पळत येताना दिसली. लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचलेलं, पदर दातांत धरलेला, केस सुटलेले. आमच्याजवळ येऊन ती थांबली. उभी राहताना तिनं पुलाच्या कठड्याला धरलं.

"माय, दवाखाना कोठे शे? मन्ही पोरले तठे लई गयात."

गावापासून ती सायकलच्या मागे पळत आली होती. सगळा रस्ता. वाटेत तिला सायकल शेतात पडलेली दिसली, पुढे नवऱ्याच्या वहाणा दिसल्या, आणि ती तशीच पळत राहिली.

 निर्मलानं काही न सांगता त्या बाईचा हात धरला आणि ती माघारी वळली. मीही वळले. आम्ही तिघी दवाखान्याकडे चालू लागलो. ती बाई मध्येच पळायला पाहायची, आणि निर्मला तिचा हात धरून तिला चालायला लावायची. पाव किलोमीटरही नसेल ते अंतर. त्या रस्त्यावर सकाळची दुकानं उघडत होती, पाणी मारलेल्या मातीचा वास येत होता, आणि ती बाई विचारत होती, "डोया उघडात का तिनी? तुम्ही देखी का तिले? उघडात का डोया?"

वसतिगृहात आल्यावर निर्मलानं बूट काढून पलंगाखाली सारले. ते तिनं पुन्हा घातले नाहीत. मी काही दिवस वाट पाहिली. पहाटे उठून तिच्याकडे बघायचे. ती जागी असायची, भिंतीकडे तोंड करून. मग मी एकटी जायचे. काही दिवसांनी सर तिला भेटायला आले. खाली भेटीच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसले आणि हातातली शिट्टी नुसती फिरवत राहिले.  शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू, बेटा." तीही "हो सर" म्हणाली. पुढच्या वर्षी काही होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

संक्रांतीनंतर स्पर्धा झाली. मी पळाले, आणि मागच्या मुलींमध्ये कुठेतरी आले. शेवटच्या चढावर मला शेजारी तिचा श्वास ऐकू येईना, तेव्हा रडू फुटलं. रडत पळता येत नाही. श्वासच पुरत नाही. मी चालत शेवटची रेघ ओलांडली.

त्याआधी, मुलीचं क्रियाकर्म उरकल्यावर हिरामणभाऊ आणि त्यांची बायको वसतिगृहावर आले. बायकोचं नाव विमलबाई. त्यांनी टोपलीत ओल्या हरभऱ्याची जुडी आणली होती. विमलबाई निर्मलाच्या समोर जमिनीवर बसल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. निर्मलाही मग खाली बसली.

"काही बोलनी का ती?" विमलबाईंनी विचारलं.

"माय म्हणाली," निर्मला म्हणाली. "मी सांगितलं, माय मागून येते आहे."

"मी मांगेच व्हतू," विमलबाई म्हणाल्या. "तुम्ही दिखत नव्हतात माले, पन मी पयत व्हतू."

"मले वाटलं होतंच, मागून तुम्ही पळत असाल," निर्मला म्हणाली.

"मंग?"

निर्मलानं टोपलीतल्या हरभऱ्याची एक काडी मोडली.  मग म्हणाली, "मग शांत होती."

विमलबाईंनी तिचे दोन्ही हात पुढे ओढून घेतले. कोपरापासून मनगटापर्यंत ते चाचपले, जशी बाई आपल्या लेकराचे हात चाचपते. मग त्या हातांवर कपाळ टेकून त्या बसून राहिल्या. दारात उभे असलेले हिरामणभाऊ आमच्या रेक्टरबाईंना सांगत होते, "दारलोंग जित्ती व्हती. ह्या बहीननी पोचाडी तिले. आमना नशीबमा नव्हती, पन ह्या बहीननी पोचाडी."

शिक्षण संपलं. मी लग्न होऊन जळगावला आले, शाळेत शिकवू लागले. निर्मला सावद्याजवळच्या एका गावात दिली गेली. पुन्हा केळीच्याच घरात. नवरा भला माणूस. दोन मुलगे झाले. आमची भेट वर्षातून एकदा तरी व्हायची, बहुतेक हिवाळ्यात, भरताच्या निमित्तानं. त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही. पण ती सकाळ तिच्या घरी दरवर्षी येत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे माहेरचं माणूस खाऊ घेऊन जातं. हिरामणभाऊ धुळ्याहून बस बदलत बदलत यायचे. पिशवीत सांजोऱ्या, थोडे आंबे आणि एक खण. निर्मलाच्या सासरी सगळे त्यांना 'धुळ्याचे आबा' म्हणत. ओसरीवर बसून पाणी प्यायचे आणि नव्या माणसाला, शेजाऱ्याला, तिच्या मुलांना, पुढे सुनांना तीच गोष्ट सांगायचे. पोर तापानं फणफणली होती, सायकल पंक्चर झाली, आणि ह्या माझ्या लेकीनं तिला दवाखान्याच्या दारापर्यंत जिवंत नेलं. ते सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा, असं निर्मलाचा नवरा मला म्हणाला होता. जगात आपल्या पोरीसाठी जे करता येण्यासारखं होतं ते झालं, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. माणसाला जगायला काहीतरी धरावं लागतं.

यंदा पावसाळा सरता सरता ते गेले.

गेल्या आठवड्यात मी निर्मलाकडे गेले होते. सकाळी आम्ही दोघी बागेत गेलो. थंडीनं केळीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. पाटाच्या कडेला गोणपाट टाकून बसलो. तिचे गुडघे आता दुखतात. ती हळूहळू पाय लांब करत होती. मी धुळ्याच्या आबांची आठवण काढली. ती पाण्याकडे पाहत राहिली.

"शोभा," ती म्हणाली, "ती दारापर्यंत नव्हती."

मला आधी समजलंच नाही.

"पाण्याच्या टाकीच्या आधीच गेली ती. मले कळलं. तिची बोटं होती ना माझ्या कॉलरमध्ये, ती सुटली. आणि अंग एकदम जड झालं. तू दे म्हणत होतीस, मी कशी देणार होते? तुझ्या हातात आली असती तर तुलेही कळलं असतं. तू थांबली असतीस. आणि आपण थांबलो असतो तर तो येऊन पोचला असता, त्या टाकीजवळ, रस्त्यात. त्यानं तिथेच पाहिलं असतं."

तिनं गोणपाटाची कड सरळ केली.

"मी मागे वळून पाहिलं तर तो पळत होता. हात वर करून. म्हटलं, मी पळते आहे तोवर त्याची पोर जिवंत आहे. मग मी पळत राहिले. आणखी काय करणार होते मी?"

माझ्या डोळ्यांपुढे तो पूल आला. त्या वाऱ्यात, त्या उन्हात, कोणालाही गाठता येणार नाही अशी पळत गेलेली वीस वर्षांची मुलगी. तिला कोणालाही हरवायचं नव्हतं. तिच्या हातांत काय होतं हे तिला माहीत होतं, आणि तरी ती पोरीला थंडी लागू नये म्हणून गोधडी सावरत होती. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं होतं, ती घाईत आहे.

"एवढी वर्षं..." मी म्हणाले.

"ते होते तोवर कुणाला सांगणार? दर आखाजीला यायचे ना."

मग तिनं मला दहाव्याचं सांगितलं. ती आबांच्या दहाव्याला धुळ्याजवळच्या त्या गावी गेली होती. बाया उठून गेल्यावर विमलबाईंनी तिला जवळ बसवलं. आता थकल्या आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी निर्मलाचे हात पुन्हा हातात घेतले आणि म्हणाल्या, "माले माहीत व्हतं. तुन्हा हात धरात ना मी, त्याच दिनले समजनं. यासले मी कधी सांगं नही." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं व्हयनं माय, तू थांबनी नही."

हे सांगताना निर्मलाचा आवाज फुटला. मी तिला जवळ ओढलं. पाटाचं पाणी बागेत वळत होतं, आणि आम्ही दोन पिकल्या केसांच्या बायका त्या चार वर्षांच्या पोरीसाठी, जिचं नावही मला धड आठवत नव्हतं, ऊन डोक्यावर येईपर्यंत रडत बसलो.